जोडल्यानंतर काय उरते?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पत्रलेखिका एका संस्थेच्या प्रशासन विभागात काम करतात आणि संस्थेची इंग्रजी पत्रे, परिपत्रके व अहवाल यांचे मसुदे त्यांच्याकडे असतात. दोन विभागांचे मासिक अहवाल यापुढे एकत्र निघतील, एवढेच कळवणारे एक परिपत्रक त्यांनी मध्यंतरी तयार केले आणि त्यात दोन्ही विभाग ‘मर्ज’ होतील असे लिहिले. परिपत्रक फिरले आणि दुपारपर्यंत आपली खुर्ची राहते की जाते हे विचारायला दोन्ही विभागांतले लोक त्यांच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. वरिष्ठांनी ‘मर्ज’ खोडून ‘कंबाइन’ लिहिले, पण चुकले काय ते सांगितले नाही. याआधीही त्यांच्या ‘फाइल कनेक्ट केली आहे’ या वाक्यातले ‘कनेक्ट’ कापून ‘अटॅच’ केले गेले होते आणि परिचयपत्रातल्या ‘जॉइन्ड विथ द कंपनी’मधला ‘विथ’ उडवला गेला होता. इंग्रजी-मराठी शब्दकोशात या सगळ्या शब्दांपुढे ‘जोडणे’ हाच अर्थ सापडतो. त्यांनी अशा शब्दांचा लांबलचक तक्ता करून पाठ केला, तरी ऐन लिहिताना हात अडतोच. सहकारी सांगतात की सगळीकडे ‘जॉइन’ वापरावे, अर्थ कळल्याशी कारण. त्यांचा प्रश्न असा की तक्ता पाठ करत राहावे की एकाच शब्दावर भागवावे. आणि मराठीत या सर्वांना एकच शब्द असल्यामुळे हे फरक आपल्या कानाला मुळात ऐकूच येत नाहीत, असे तर नाही ना?

उत्तर:

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू या, कारण बाकीचे प्रश्न त्याच्याच पोटात आहेत. मराठीत या सगळ्याला एकच शब्द आहे, हे तुम्ही गृहीत धरले आहे आणि ते शब्दकोशाच्या सांगण्यावरून धरले आहे, स्वतःच्या बोलण्यावरून नव्हे. फाटलेले कापड आपण सांधतो, कागद टाचतो, मणी ओवतो, फुले गुंफतो, बैल जुंपतो, खडा कोंदणात बसवतो, फुटलेल्या कपाचा कान चिकटवतो आणि विखुरलेली माणसे एकवटतो. यांपैकी एकाही ठिकाणी ‘जोडणे’ हा शब्द तुमच्या तोंडी आपणहून येणार नाही. आणि कोणी ‘मणी चिकटवले’ किंवा ‘कागद गुंफले’ म्हणाले, तर काही तरी चुकले हे तुम्हाला विचार न करता कळेल. नोकरीवर तर आपण ‘जोडले’ जातच नाही, रुजू होतो. तेव्हा कान तयार आहे. द्विभाषी शब्दकोशाला मात्र एका ओळीत एक अर्थ द्यायचा असतो आणि सर्वांत रुंद शब्द पुढे करून तो मोकळा होतो.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आणून द्यावीशी वाटते. ‘जोडणे’ हे एकच क्रियापद वापरतानाही मराठी माणूस फरक करतो, फक्त तो क्रियापदात न करता मागच्या प्रत्ययात करतो. डबा इंजिनाला जोडतात, गाव महामार्गाशी जोडले जाते आणि नदी समुद्रात मिळते. ‘ला’ आला की एक वस्तू मुख्य असते आणि दुसरी तिला येऊन लागलेली असते. ‘शी’ आला की दोन्ही वस्तू आपापल्या जागी असून त्यांच्यात नाते निर्माण झालेले असते. आणि ‘त’ आला की एक वस्तू दुसरीच्या पोटात जाऊन नाहीशी होते. हा पक्का नियम नव्हे, कल आहे. ‘दोन गावांना जोडणारा पूल’ यातला ‘ना’ निव्वळ कर्माचा आहे, त्याला या हिशेबात धरू नका. तरीही मसुदा लिहिण्यापूर्वी तेच वाक्य मनात मराठीत म्हणून पाहा आणि प्रत्यय कोणता आला याकडे लक्ष द्या. ‘ला’ असेल तर पुष्कळदा ‘अटॅच’च्या घरातला शब्द लागतो, ‘शी’ असेल तर ‘कनेक्ट’ किंवा ‘लिंक’, आणि ‘त’ असेल तर ‘मर्ज’. तुमच्या परिपत्रकातले वाक्य मराठीत ‘एक विभाग दुसऱ्यात विलीन होणार’ असे झाले असते का? नक्कीच नाही. म्हणजे फरक तुम्हाला ठाऊक होता. इंग्रजी शब्द निवडताना तुम्ही त्याला विचारले नाही, इतकेच.

इंग्रजीतल्या या शब्दांची मेख अशी की ते जोडण्याच्या कृतीचे वर्णन कमी करतात आणि जोडून झाल्यावर त्या दोन वस्तूंचे काय झाले, याचे अधिक. त्या वेगळ्या राहिल्या का, त्यांच्यातली कोणती मोठी ठरली, आणि उद्या वाटले तर त्या पुन्हा सुट्या करता येतील का, या गोष्टी शब्द परस्पर सांगून टाकतो. तुमचा तक्ता निरुपयोगी ठरला तो याच कारणाने. त्यात प्रत्येक शब्दापुढे कृती लिहिलेली होती, निकाल लिहिलेला नव्हता.

‘जॉइन’ आणि ‘कनेक्ट’ घ्या, कारण गल्लत सर्वाधिक यांचीच होते. ‘जॉइन’मध्ये दोन कडा एकमेकींना भिडतात आणि सांधा तयार होतो. लाकडात लाकूड बसवून सांधे करणाऱ्या सुताराला ब्रिटिश इंग्रजीत ‘जॉइनर’ म्हणतात, ते उगीच नव्हे. हा शब्द ज्या प्राचीन धातूतून आला आहे, त्याच धातूतून संस्कृत ‘योग’ आणि बैलांच्या मानेवरचे आपले ‘जू’ही आले आहे. ‘कनेक्ट’मध्ये मात्र दोन वस्तू एकमेकींपासून दूरच राहतात आणि मध्ये तिसरे काही तरी येते: तार, नळी, रस्ता, दार किंवा नुसता संदर्भ. खार्टुमपाशी निळी नाईल पांढऱ्या नाईलला ‘जॉइन’ करते आणि तिथून पुढे एकच नदी वाहते. 1869 साली खुला झालेला सुएझ कालवा भूमध्य समुद्र आणि तांबडा समुद्र यांना ‘कनेक्ट’ करतो, आणि दोन्ही समुद्र आपापल्या जागी, आपापल्या नावाने राहतात. ‘जॉइन’ इथेही अगदीच अशक्य आहे असे नाही, इंग्रज माणूस तो वापरतोही. पण कालव्याचे, म्हणजे मधल्या दुव्याचे महत्त्व सांगायचे असेल, तर ‘कनेक्ट’ हाच नेमका शब्द.

हॉटेलच्या खोल्यांमध्ये हा फरक व्यवहारात उतरलेला दिसतो. ‘अ‍ॅडजॉइनिंग’ खोल्या म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या खोल्या. एकीतून दुसरीत जायचे तर बाहेरच्या मार्गिकेत यावे लागते. ‘कनेक्टिंग’ खोल्या म्हणजे ज्यांच्या मधल्या भिंतीत दार आहे अशा खोल्या. लहान मुलांना शेजारच्या खोलीत झोपवणाऱ्या आईवडिलांनी नोंदणी करताना पहिला शब्द लिहिला आणि मनात दुसरा धरला, तर रात्री दारच सापडणार नाही.

तुमच्या ‘जॉइन्ड विथ द कंपनी’चे उत्तरही इथेच आहे. माणूस संस्थेचा भाग होतो तेव्हा ‘जॉइन’ला मध्ये कोणताही शब्दयोगी लागत नाही, कंपनी, रांग, गट, चर्चा या सगळ्यांना थेट ‘जॉइन’ करायचे. ‘जॉइन विथ’ मात्र सरसकट चूक आहे असे समजू नका. दोन पक्ष तिसऱ्याच एखाद्या कामासाठी एकत्र येतात, उदाहरणार्थ एक संघटना दुसऱ्या संघटनेच्या बरोबरीने एखाद्या प्रस्तावाला विरोध करते, तेव्हा ‘जॉइन विथ’ शोभून दिसते. तुमच्या परिचयपत्रात ते वाचले की तुम्ही आणि कंपनी मिळून तिसऱ्याच कुणाविरुद्ध निघाल्याचा भास होतो, म्हणून ‘विथ’ उडाला.

‘अटॅच’ एका बाजूला झुकलेला शब्द आहे. त्यात एक वस्तू मुख्य आणि दुसरी दुय्यम असते, आणि दुय्यम वस्तू काढून घेतली तरी मुख्य वस्तू जशीच्या तशी राहते. ईमेल मुख्य, फाइल तिला लागलेली. म्हणून फाइल ‘अटॅच’ होते. ‘कनेक्ट’ म्हटले असते तर फाइल कुठे तरी दुसरीकडे आहे आणि तिच्यापर्यंत वाट काढून दिली आहे, असा अर्थ निघाला असता, जो खरे तर लिंक पाठवण्याला लागू पडतो. याच घरातली बाकीची मंडळी कार्यालयात रोज भेटतात, तेव्हा त्यांची ओळख करून घ्यावी. ‘अपेंड’ म्हणजे मजकुराच्या शेवटी भर घालणे. पुस्तकाच्या शेवटी येणारे ‘अपेंडिक्स’ आणि पोटातल्या मोठ्या आतड्याला लोंबणारे ‘अपेंडिक्स’ हे एकाच ‘लटकवणे’ या अर्थाच्या मुळातून आलेले आहेत. ‘अफिक्स’ हा शिक्का, छायाचित्र, तिकीट अशा पृष्ठभागावर पक्क्या बसवायच्या वस्तूंचा शब्द आहे, आणि अर्जावर तो दिसला की टाचणी न लावता चिकटवायचे असते. ‘एन्क्लोज’ मुळात पाकिटात बरोबर घालून पाठवलेल्या कागदांचा आहे. ईमेलमध्ये तो अजूनही लिहिला जातो, पण तिथे ‘अटॅच’ सरळ वाटतो. ‘अ‍ॅनेक्स’ इमारतीला लागून बांधलेल्या जोडइमारतीला चालतो, दस्तऐवजाला चालतो, आणि एका देशाने दुसऱ्याचा प्रदेश आपल्या हद्दीत ओढून घेतला की तिथेही हाच शब्द येतो, त्यामुळे तो जपून वापरावा. कायद्याच्या इंग्रजीत ‘अटॅच’चा आणखी एक अर्थ आहे, तो माहीत नसेल तर नोटीस वाचताना घोटाळा होईल: मालमत्ता ‘अटॅच’ झाली म्हणजे तिच्यावर जप्ती आली.

‘लिंक’ हा मूळचा साखळीच्या कडीचा शब्द. जोडणीच्या सगळ्या शब्दांमध्ये तो सर्वांत सैल आहे, आणि त्याचा सैलपणा हाच त्याचा उपयोग आहे. बातमीत अमुक सवय तमुक आजाराशी ‘लिंक्ड’ असल्याचे वाचले, तर त्याचा अर्थ दोन्ही गोष्टी एकत्र आढळतात इतकाच होतो. एकीमुळे दुसरी होते, असे त्या शब्दाने कबूल केलेले नसते. 1964 साली अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख अधिकाऱ्याचा, धूम्रपानावरचा अहवाल आला, तेव्हा त्यात नेमका हाच फरक तोलून मापून पुरुषांमधल्या फुप्फुसाच्या कर्करोगाशी सिगारेटचे नाते ‘कारणाचे’ आहे, असे स्पष्ट लिहिले गेले. स्त्रियांबद्दलची माहिती तेव्हा कमी होती, म्हणून ती त्याच दिशेने बोट दाखवते एवढेच म्हटले गेले. अहवाल लिहिणाऱ्या प्रत्येकाने यातून शिकण्यासारखे आहे. हातात पुरावा नात्याचा असेल तर ‘लिंक’ लिहावे, कारणाचा असेल तर कारण म्हणावे, आणि ‘लिंक’ लिहून वाचकाला कारण समजू द्यावे, ही चलाखी करू नये.

आता तुमच्या परिपत्रकाकडे, म्हणजे ‘कंबाइन’, ‘मर्ज’ आणि ‘युनाइट’ यांच्याकडे वळू.

‘कंबाइन’मध्ये दोन किंवा अधिक गोष्टी एकत्र येऊन एक परिणाम साधतात, आणि त्या परिणामात प्रत्येकीचा वाटा ओळखता येतो. शेतातल्या मोठ्या यंत्राला ‘कंबाइन हार्वेस्टर’ म्हणतात, कारण कापणी, मळणी आणि उफणणी ही तिन्ही कामे ते एकाच फेरीत करते; कामे तीनच राहतात, यंत्र एक होते. ‘मर्ज’चे मूळ बुडणे, बुडवणे या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. पाण्याखाली जाणे आणि पाण्यातून वर येणे यांसाठीचे ‘सबमर्ज’ आणि ‘इमर्ज’ हे शब्द त्याचेच सख्खे. तेव्हा ‘मर्ज’ म्हटले की मधली रेघ पुसली जाते आणि निदान एकाचे तरी वेगळे अस्तित्व बुडते. तुमच्या सहकाऱ्यांना व्युत्पत्ती ठाऊक असण्याचे कारण नाही, पण कंपन्यांच्या बातम्या त्यांनी वाचलेल्या असतात आणि ‘मर्जर’नंतर खुर्च्या कमी होतात हे त्यांना पक्के ठाऊक असते. ते घाबरले यात त्यांचे इंग्रजी कच्चे असल्याची खूण नाही. उलट त्यांनी शब्द बरोबर वाचला.

या शब्दावरून प्रकरणे न्यायालयापर्यंत गेलेली आहेत. 1998 साली डायमलर-बेंझ आणि क्रायस्लर या दोन मोटार कंपन्या एक झाल्या, तेव्हा ते ‘बरोबरीच्यांचे मर्जर’ असल्याचे जाहीर केले गेले होते. पुढे क्रायस्लरच्या एका मोठ्या भागधारकाने दावा लावला की हे मर्जर नव्हतेच, एका कंपनीने दुसरीचा घेतलेला ताबा होता आणि ताबा म्हटले असते तर भागधारकांना जास्त किंमत मागता आली असती. 2005 मध्ये न्यायालयाने तो दावा फेटाळला, आणि 2007 मध्ये क्रायस्लर पुन्हा वेगळी विकली गेली. दाव्याचा निकाल काहीही लागो, एका शब्दाच्या बरोबर-चुकीवर केवढी रक्कम अवलंबून असू शकते, हे यातून दिसते.

‘युनाइट’ माणसांचा आणि राष्ट्रांचा शब्द आहे. त्यात हेतू असतो, संमती असते, किंवा निदान असल्याचा दावा असतो. दोन फायली कधी ‘युनाइट’ होत नाहीत. 1603 साली स्कॉटलंडचा राजा इंग्लंडच्याही गादीवर आला, पण राज्ये दोन, संसदा दोन आणि कायदे दोन राहिले. माणूस एक असल्यामुळे ती ‘कनेक्ट’ झाली होती, असे आपल्या आजच्या हिशेबाने म्हणता येईल. 1 मे 1707 पासून मात्र दोन्ही राज्ये कायद्याने ‘युनाइट’ होऊन ग्रेट ब्रिटन या नावाचे एक राज्य झाले. ‘युनिफाय’ याहून पुढचा: तिथे वेगवेगळ्या गोष्टींची मिळून एकच व्यवस्था, एकच साचा होतो. 3 ऑक्टोबर 1990 रोजी दोन जर्मनी एक झाल्या त्याला जग ‘युनिफिकेशन’ म्हणते, पण कायद्याच्या भाषेत पूर्व जर्मनीने पश्चिम जर्मनीच्या अस्तित्वात असलेल्या राज्यघटनेखाली प्रवेश केला होता, म्हणजे तिथला शब्द ‘अ‍ॅक्सेशन’, सामील होणे, असा होता. भाषणातला शब्द दोघांना समान दाखवतो, कायद्यातला शब्द कोण कोणाकडे गेले ते सांगतो. परिपत्रक हा भाषणाचा प्रकार नसल्यामुळे ‘युनाइट’चा मोह टाळलेला बरा.

उरलेल्या शब्दांवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. ‘फासन’ म्हणजे सुटू नये असे, पण हवे तेव्हा सोडता येईल असे पक्के करणे: पट्टा, गुंडी, कडी. लिहिताना त्यात ‘टी’ असतो, उच्चारताना नसतो. ‘टाय’ला दोरी आणि गाठ लागते. ‘बाइंड’ म्हणजे भोवती गुंडाळून जखडणे, म्हणून पुस्तक ‘बाइंड’ होते आणि करार दोन्ही पक्षांना ‘बाइंड’ करतो. संस्कृत ‘बंध’ आणि आपले ‘बांधणे’ त्याचे दूरचे भाऊ आहेत, त्यामुळे हा शब्द सहसा चुकत नाही. धातूंच्या कामात ‘वेल्ड’ आणि ‘सोल्डर’ यांची अदलाबदल करू नये: पहिल्यात जोडायच्या दोन्ही तुकड्यांच्या कडाच वितळून एक होतात, दुसऱ्यात तुकडे वितळत नाहीत, मधला कमी उष्णतेला वितळणारा मिश्रधातू तेवढा वितळतो. शिसे आणि कथील यांचा नेहमीचा सोल्डर 183 अंश सेल्सिअसलाच पातळ होतो, तांब्याच्या तारेला त्या उष्णतेने काहीही होत नाही.

संगणकावर काम करणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिथे हे फरक शैलीचे राहत नाहीत, हिशेबाचे होतात. माहितीच्या तक्त्यांवर ‘जॉइन’ चालवले तर दोन्ही तक्त्यांत समान असलेला रकाना, उदाहरणार्थ कर्मचारी क्रमांक, पाहून ओळीशेजारी ओळ बसते आणि तक्ता रुंद होतो. ‘युनियन’ चालवले तर एका तक्त्याच्या ओळींखाली दुसऱ्याच्या ओळी येतात आणि तक्ता लांब होतो. पायथॉन या भाषेत 1 आणि 2 अशा दोन घटकांच्या यादीला 3 आणि 4 यांची यादी ‘अपेंड’ केली, तर घटक चार न होता तीनच होतात, कारण दुसरी यादी आख्खीच्या आख्खी शेवटी लटकते. चार घटक हवे असतील तर ‘एक्स्टेंड’ म्हणावे लागते. मराठीत या चारही क्रियांना ‘जोडा’ असे सांगून कोणी काम दिले, तर कोणते जोडणे हे विचारल्याशिवाय हात लावू नये.

आता सहकाऱ्यांच्या सल्ल्याबद्दल. सगळीकडे ‘जॉइन’ वापरण्यात बोलताना फारसे बिघडत नाही. समोरचा चेहऱ्यावरून अर्थ लावतो, न कळल्यास विचारतो. लेखी मजकुराला ती सोय नसते. शिवाय तुमच्या तिन्ही चुकांपैकी एक ‘जॉइन’चीच होती, तेव्हा तो आडोसा वाटतो तितका सुरक्षित नाही. उलट टोकाला जाऊन समानार्थी शब्दांच्या कोशातून ‘अमॅल्गमेट’, ‘कन्सॉलिडेट’ अशी वजनदार नावे उचलणे हे तर मुळीच सुचवणार नाही. वजनदार शब्दांचे अर्थ अधिक अरुंद असतात, आणि अरुंद जागी चूक लवकर होते.

तक्ता फेकून देऊ नका, पण त्याचे रकाने बदला. शब्दापुढे मराठी अर्थ लिहिण्याऐवजी त्याचा उलट शब्द लिहा आणि कोणत्या दोन वस्तूंसाठी तो तुम्हाला वाचनात भेटला ते पूर्ण वाक्य लिहा. उलट शब्दाची कसोटी फार उपयोगी पडते. ‘अटॅच’ला ‘डिटॅच’ आहे, ‘कनेक्ट’ला ‘डिस्कनेक्ट’, ‘फासन’ला ‘अनफासन’, ‘टाय’ला ‘अनटाय’. म्हणजे या जोडण्या सुटण्याच्या बेतानेच केलेल्या असतात. ‘मर्ज’, ‘कंबाइन’, ‘वेल्ड’ यांना असा रोजच्या वापरातला, नुसता उपसर्ग लावून होणारा उलट शब्द नाही. एकदा झाले की झाले, मोडायचे तर वेगळेच काम हाती घ्यावे लागते. आपण कळवतो आहोत ती व्यवस्था सहा महिन्यांनी मागे घेता येण्यासारखी आहे का, एवढे स्वतःला विचारले तरी निम्मे शब्द आपोआप गळतात. अर्थ पाहायचा तो शिकणाऱ्यांसाठी तयार केलेल्या इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशात पाहावा, कारण त्यात शब्दाबरोबर ‘टु’ येतो की ‘विथ’ की ‘इंटु’, हे उदाहरणासह दिलेले असते. ‘मर्ज विथ’ आणि ‘मर्ज इंटु’ यांत कोण बुडाले हे त्या एका छोट्या शब्दाने ठरते, जसे आपल्याकडे ‘शी’ आणि ‘त’ने ठरते.

शेवटी वरिष्ठांच्या दुरुस्तीबद्दल, कारण ती तुम्ही निमूट स्वीकारली आहे आणि तिथे थोडे थांबायला हवे. ‘दोन्ही विभाग कंबाइन होतील’ हे वाक्य ‘मर्ज’पेक्षा सौम्य आहे, पण बरोबर नाही. विभाग ‘कंबाइन’ झाले तरी शेवटी विभाग एकच उरतो, आणि एका विभागाला दोन प्रमुख कशाला, हा प्रश्न उरतोच. चूक फक्त क्रियापदात नव्हती, नामातही होती. एकत्र येणार होते ते अहवाल. तुम्ही आणि वरिष्ठ, दोघांनीही ते क्रियापद विभागांना लावले. अशा मजकुरात कोणती वस्तू जोडली जाते आहे ते आधी नक्की करावे, मग क्रियापद शोधावे, आणि जे बदलणार नाही ते दुसऱ्या वाक्यात स्वतंत्रपणे सांगावे. दोन्ही विभागांचे मासिक अहवाल पुढील महिन्यापासून ‘कंबाइन’ करून एकच अहवाल सादर केला जाईल. दोन्ही विभागांची रचना, पदे आणि कामाची विभागणी आहे तशीच राहील. इंग्रजीत ही दोन वाक्ये साध्या शब्दांत बसतात आणि दुसरे वाक्य वाचल्यावर तुमच्या टेबलापाशी कोणी येणार नाही.

हा मसुदा घेऊन वरिष्ठांकडे जा आणि ‘माझे काय चुकले’ असे न विचारता, ‘एकत्र येणार ते विभाग की अहवाल’ असे विचारा. ते ‘अहवाल’ म्हणाले तर सुधारित परिपत्रक त्याच दिवशी काढा, जुन्या परिपत्रकाचा क्रमांक देऊन आणि ते रद्द झाल्याचे नमूद करून. ते ‘विभाग’ म्हणाले, किंवा उत्तर द्यायला फार वेळ लावू लागले, तर तुमचा ‘मर्ज’ कदाचित चुकीचा नव्हताच, फक्त वेळेआधी लिहिला गेला होता. आणि मग तो शब्द कधी व कोणी जाहीर करायचा हे त्यांच्याकडून लेखी घ्या.